नाटकाला, व्याख्यानाला डेफ प्रेक्षक बोलवायचेत? मग एवढं करा

ऑगस्ट उजाडला की मला दरवर्षी दोन-तीन मंडळांचे फोन ठरलेले. "ताई, यंदा आपण मूकबधिरांसाठीपण काहीतरी करतोय, तुम्ही स्टेजच्या बाजूला उभं राहून ते हातवारे कराल का, अर्धा तास फक्त." कधी आहे विचारलं की परवा. किती डेफ लोक येणारेत विचारलं की पलीकडे जरा शांतता आणि मग "येतील की, तुम्ही आहात म्हटल्यावर येतील".

नाही येत. मी रिकाम्या खुर्च्यांकडे बघून साइन, म्हणजे डेफ लोकांची हातांची भाषा, करून आलेय, दोनदा, आणि दुसऱ्यांदा तर माझा सत्कारपण झाला, शाल-नारळ सगळं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली, म्हणाली भिंतीशी गप्पा मारल्यास आणि भिंतीने नारळ दिला.

मी कोडा आहे. आई-बाबा दोघं डेफ, मी ऐकणारी, अशा मुलांना कोडा म्हणतात. वाढले डोंबिवलीत, आमच्या घरची बेल वाजायची नाही, दिवा लागायचा. कुकरच्या शिट्ट्या आई डोळ्यांनी मोजायची, शिट्टी उचलली गेली की एक. आता मी इंटरप्रिटिंग करते, म्हणजे बोललेलं साइनमध्ये आणि साइनमधलं बोलून सांगते, तेच माझं काम आहे, आणि हे सगळं लिहितेय ते एकांकिका करणारी पोरं, व्याख्यानमालेवाले, गणपती मंडळं, सोसायटीच्या सांस्कृतिक कमिट्या यांच्यासाठी. मनापासून करायचं असतं लोकांना, पण सुरुवातच उलट्या टोकाने करतात. इंटरप्रिटर सगळ्यात आधी बुक करतात आणि डेफ माणूस कुठेच नसतो, ना कमिटीत, ना तालमीत, ना खुर्चीत. त्यामुळे पहिलं काम हे की एक डेफ माणूस गाठा. तुमच्याच गावातला, नाटक-सिनेमा आवडणारा, आणि त्याला विचारा की बाबा रे असं असं करायचंय, तुला काय वाटतं. हा माणूस तुमचा सल्लागार, त्याला मानधन द्यायचं, नुसता चहा आणि रिक्षाभाडं नाही. पुढे मी जे जे सांगणारे त्यातलं अर्धं तो तुम्हाला माझ्याआधी सांगेल.

शब्दांचं पटकन उरकते. बॅनरवर "मूकबधिर" लिहू नका. शाळांच्या पाट्यांवर तो शब्द अजून आहे हे खरं, पण मूक कोणीच नाही, आमच्या घरात तर शेजारी तक्रार करायचे इतका आवाज असायचा. सरकारी कागदावर कर्णबधिर असतं, आपसात सगळे डेफ म्हणतात आणि तुम्हाआम्हाला, म्हणजे ऐकणाऱ्यांना, हिअरिंग. "नॉर्मल लोक" असं तर अजिबात नको, समोरचा माणूस काय अॅबनॉर्मल आहे का. आणि हातवारे नाही हो, भाषा आहे ती. इंडियन साइन लँग्वेज, आयएसएल. तिला स्वतःचं व्याकरण आहे, मराठीचं किंवा इंग्रजीचं नाही. बाई म्हणजे नाकाशी बोट, चमकी असते तिथे, पुरुष म्हणजे मिशी. प्रश्नाची साइन वाक्याच्या शेवटी येते, आणि एकाच प्रश्नाच्या साइनला चेहरा जोडला की कोण, जागा जोडली की कुठे, वेळ जोडली की कधी. हो-नाहीचा प्रश्न असेल तर नुसत्या भुवया वर जातात. भुवयांचं हे लक्षात ठेवा, लाइटिंगच्या वेळी लागणारे.

"पण मराठी साइन वेगळी असते का?" हेही विचारतात. मराठी बोलीभाषेसारखी वेगळी भाषा नाही, पण गावागणिक, शाळेगणिक शब्द बदलतात. १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ, जे स्वतः डेफ आहेत, त्यांनी आणि अमेरिकेतल्या दोन भाषातज्ज्ञांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगलोर इथल्या साइन गोळा करून ताडून बघितल्या, तर साधारण पाऊण हिस्सा शब्द एकमेकांशी नातं सांगणारे निघाले. उरलेला पाव हिस्सा मात्र घोळ घालतो. म्हणून कोल्हापुरात कार्यक्रम असेल आणि इंटरप्रिटर दिल्लीचा आणला तर त्याला आदल्या दिवशी स्थानिक डेफ लोकांबरोबर बसवा, तासभर गप्पा मारू दे, पुरतं.

आता आमंत्रण. इथे सगळे चुकतात. छान मराठीत मजकूर लिहितात, खाली "संपर्क" म्हणून फोन नंबर. अहो, फोन कोण उचलणार? व्हॉट्सअॅप नंबर द्या, त्यावर व्हिडिओ कॉल घेता येईल असं बघा. आणि मजकुराऐवजी एक मिनिटाचा व्हिडिओ करा, साइनमधला, आणि तो डेफ माणसानेच केलेला, मी केलेलासुद्धा नको. लोक बघतात कोण बोलावतंय.

मजकूर का चालत नाही ते सांगते, कारण "शिकलेले नाहीत का ते" असं एका शहाण्याने मला तोंडावर विचारलं होतं. १८८० साली इटलीत मिलानला डेफ मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली, ऐकणाऱ्या शिक्षकांची, आणि तिथे ठरलं की शाळेत साइन बंद, फक्त ओठ वाचायचे आणि तोंडाने बोलायचं. आपल्याकडे पहिली शाळा निघाली ती त्याच दशकात, मुंबईत माझगावला, आणि हे वारं आपल्याकडेही पुढे शंभर वर्षं राहिलं. माझ्या आईच्या शाळेत साइन केली की पट्टी बसायची. हात मागे बांधून "प" आणि "ब" म्हणायला शिकवायचे, आता ओठांवर प आणि ब सारखेच दिसतात, करून बघा आरशात. त्यात वर्षं गेली, गणित-इतिहास राहून गेला आणि मराठी वाचायची गोडी लागलीच नाही. आई हुशार आहे, सगळ्या बिल्डिंगच्या भिशीचा हिशोब तिच्याकडे असतो, पण तुमचं "सस्नेह निमंत्रण, आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे" तिला परकं वाटतं. साइन ही तिची भाषा, मराठी तिची दुसरी. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, झकास मराठी लिहिणारे डेफ लोक मला माहितीयेत, पण आमंत्रण सगळ्यांना पोचायला हवं ना.

एकदा व्हिडिओ नीट झाला की पसरवायची चिंता करू नका. डेफ लोकांइतकं वेगवान बातमीचं जाळं मी बघितलं नाही. व्हॉट्सअॅपच्या आधीसुद्धा होतं, मुंबईत तर लोकलचा अपंगांचा डबा म्हणजे आमचा चावडी-कट्टा-वर्तमानपत्र सगळं एकच. बाबा ठरलेल्या गाडीने जायचे, ठरलेले चेहरे ठरलेल्या स्टेशनला चढायचे, कोणाची नोकरी लागली, कोणाचं लग्न ठरलं, पुढच्या रविवारी क्रिकेट मॅच कुठे, सगळं कल्याण ते व्हीटी दरम्यान. गाडी सुटली तरी प्लॅटफॉर्मवरचा माणूस आणि डब्यातला माणूस बोलत असायचे, ओरडावं लागत नाही हा केवढा फायदा बघा. अॅनेलीस कुस्टर्स म्हणून बेल्जियमच्या डेफ संशोधक आहेत, त्यांनी मुंबईच्या या डब्यावर अभ्यास करून लेख लिहिलाय, आणि इथल्या बाजारात डेफ आणि हिअरिंग माणसं खाणाखुणांनी कसा व्यवहार करतात त्यावर फिल्मपण केलीय, "इशारे" नावाची. आत्ताच्या काळात बातम्यांसाठी आयएसएच न्यूज आहे, मुंबईतूनच चालतं, आलोक केजरीवाल या डेफ माणसाने सुरू केलेलं, आयएसएलमध्ये बातम्या. बाबांच्या तरुणपणी फक्त दूरदर्शन होतं, १९८७ पासून रविवारी दुपारी बधिरांसाठी बातम्या लागायच्या, ते आंघोळ करून, केस विंचरून समोर बसायचे, जसे काही त्या बाई त्यांनाच भेटायला आल्यात.

इंटरप्रिटर कुठून आणायचा. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची केंद्र सरकारची, तिथे इंटरप्रिटर तयार होतात. दिल्लीला २०१५ साली इंडियन साइन लँग्वेज रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर निघालं, त्यांचाही डिप्लोमा आहे. सर्टिफिकेट विचारायला लाजू नका, मला कोणी विचारलं तर मला बरंच वाटतं. पण सर्टिफिकेटपेक्षा मोठी परीक्षा म्हणजे तुमच्या त्या सल्लागाराला इंटरप्रिटरशी पाच मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलायला लावा, त्याला कळेल. तुम्हाला स्वतःला बघून काही कळणार नाही, जगातल्या भल्याभल्यांना कळलं नाही. १० डिसेंबर २०१३, जोहान्सबर्गचं स्टेडियम, नेल्सन मंडेलांची शोकसभा, ओबामांच्या शेजारी उभा राहून एक माणूस तासन्‌तास हात हलवत होता आणि त्याला काहीच अर्थ नव्हता. ऐकणाऱ्यांना वाटलं काय सुंदर करतोय. डेफ लोकांनी तिथल्या तिथे बोंब मारली होती.

आणि दोन बोलवा, एक नाही. डोकं वीसेक मिनिटांनी दमतं, हात नंतर दमतात, त्यामुळे दर वीस मिनिटांनी अदलाबदल करायची असते, जो बसलाय तो दुसऱ्याला सुटलेला शब्द पुरवतो. दोन तासांच्या नाटकाला एकाच माणसाला उभं केलंत तर शेवटचा अंक डेफ प्रेक्षकांना अर्धामुर्धाच मिळतो, आणि शेवटच्या अंकासाठीच तर नाटक असतं. पैशांचं आधी बोला, प्रवासासकट, तालमीच्या दिवसांसकट. "समाजकार्य आहे ना ताई" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत, कमानीवाल्याला, साउंडवाल्याला कोणी असं म्हणत नाही.

संहिता तीन आठवडे आधी द्या. व्याख्यान असेल तर वक्त्याची टिपणं, त्यात येणारी माणसांची-गावांची नावं, सनावळ्या, एखादा श्लोक-अभंग म्हणणार असतील तर तो. "ऐनवेळी सुचेल ते बोलतात सर" असं असेल तर निदान विषय तरी कळू दे.

स्टेजवर मी जास्त वेळ घालवणारे, कारण जवळजवळ सगळा खेळ इथेच बिघडतो.

डेफ माणूस डोळ्यांनी ऐकतो, आणि डोळे एका वेळी एकाच जागी बघतात. इंटरप्रिटर उजव्या विंगेला आणि नट डाव्या टोकाला असला की प्रेक्षकाची मान टेनिस बघितल्यासारखी हलते आणि दोन्हीतलं निम्मं निसटतं. त्यामुळे इंटरप्रिटर जितका सीनच्या जवळ तितका चांगला. स्टेजच्या पुढच्या कोपऱ्यात, जरा उंच पाटावर, कमरेपासून डोक्याच्या वर वीतभर दिसलं पाहिजे. मागे काळा किंवा गडद निळा साधा पडदा. गणपती मंडळाच्या स्टेजला मागे फ्लेक्स असतो, त्यावर सतरा नेत्यांचे चेहरे आणि मोगऱ्याच्या माळा, त्याच्यासमोर माझे हात शोधायचे म्हणजे गर्दीत हरवलेलं मूल शोधण्यासारखं. मला एकदा आग्रह झाला होता की पैठणी नेसून या, कार्यक्रमाला शोभेल. नाही नेसत. साधा, एकरंगी, आपल्या कातडीच्या रंगापेक्षा वेगळा दिसेल असा शर्ट, अंगठ्या-बांगड्या नाहीत, नखांना भडक रंग नाही.

खुर्च्या त्याच बाजूच्या राखून ठेवा, तिसऱ्या ओळीपासून मागे. पहिल्या ओळीत "मान द्यायचा म्हणून" बसवतात, तिथून स्टेज उंच पडतं आणि मान दुखते. सलग बसवा, मध्ये मध्ये नको, आणि त्यांच्या समोरून कॅमेरावाला फिरणार नाही याची तजवीज करा, हा मुद्दा छोटा वाटतो पण मी लग्नाच्या शूटिंगवाल्यांशी भांडून दमलेय.

मग लाइट. प्रकाशयोजना करणाऱ्याला पहिल्याच तालमीला इंटरप्रिटरशी भेटवा. ब्लॅकआउट झाला की तुम्हाआम्हाला अंधारात आवाज येत राहतो, पाऊस, रडणं, पार्श्वसंगीत, कोणीतरी कुजबुजतं. डेफ माणसाचं तेव्हा नाटकच बंद पडतं. त्यामुळे इंटरप्रिटरवर एक छोटा वेगळा स्पॉट पाहिजे जो ब्लॅकआउटमध्येही मंद का होईना चालू राहतो. त्याला जिलेटीन लावू नका, पांढराच ठेवा, लाल उजेडात चेहरा वाचता येत नाही. डोक्यावरून सरळ खाली मारू नका, कपाळाची सावली डोळ्यांवर पडते आणि भुवया गायब, म्हणजे प्रश्न आहे का साधं वाक्य हेच कळत नाही. जरा समोरून, जरा वरून. एका एकांकिकेत दिग्दर्शकाने मला सांगितलं की तुमचा स्पॉट माझ्या क्लायमॅक्सची वाट लावतोय, आणि ऐन प्रयोगात तो बंद करायला लावला. नायिका अंधारात शेवटचं स्वगत बोलतेय, मी अंधारात साइन करतेय, तिसऱ्या ओळीतले बारा डेफ लोक एकमेकांकडे बघतायत, त्यातल्या एकाने शेवटी मोबाइलचा टॉर्च लावून माझ्यावर धरला. मला अजूनही ते आठवलं की त्या माणसाला सलाम करावासा वाटतो. दिग्दर्शकाने नंतर मोबाइल लावला म्हणून कुरकूर केली ती वेगळी.

तिसरी घंटा! ती ऐकू कशी येणार. तिन्ही घंटांच्या वेळी हॉलचे आणि बाहेर लॉबीतले दिवे उघडझाप करा, फुकटातलं काम आहे. मध्यंतर संपतानाही तसंच.

ऑनलाइन कार्यक्रम असेल तर इंटरप्रिटरची चौकट मोठी आणि सतत स्क्रीनवर हवी, तिकिटाएवढी नको. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सारा सनी या डेफ वकील सुप्रीम कोर्टात इंटरप्रिटरमार्फत हजर झाल्या तेव्हासुद्धा ऑनलाइन सुनावणीत सुरुवातीला त्या इंटरप्रिटरला स्क्रीनवर ठेवायला खळखळ झाली असं बातम्यांत आलं होतं, मग सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी परवानगी दिली.

तालमीत काय होतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही शब्दाला शब्द ठेवतो. एका पोवाड्याला मी उभी होते. शाहीर जोरात, मागे झीलकरी "जी जी रं जी जी". मी काय केलं, तरुण होते, अक्कल कमी, प्रत्येक "जी" ला "हो, हो" अशी साइन केली. बाबा तालमीला बसले होते, त्यांनी थांबवलं, म्हणाले हा शाहीर लढाईचं सांगतोय आणि तू साहेबासमोरच्या कारकुनासारखी मान का डोलावतेयस. मग त्यांनीच दाखवलं. "जी" ची साइन करायचीच नाही, शाहिराच्या मागे दोन माणसं तुणतुणं धरून वाकतायत, वर येतायत, वाकतायत, ते अंगात घ्यायचं, आणि लढाईच्या साइनचा वेग त्या डोलण्याला बांधायचा. चार मिनिटांत पोवाडा झाला. मी बावीस वर्षं साइन करत होते आणि मला हे दिसलं नव्हतं, म्हणून सारखं म्हणते की तालमीत डेफ माणूस पाहिजे.

कोट्यांचं सगळ्यात अवघड. मराठी विनोद शब्दांवर उड्या मारतो, "कर" म्हणजे हात, टॅक्स आणि आज्ञा, हे साइनमध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत, कोटी तिथेच मरते. मग सल्लागाराबरोबर बसून तिथे दुसरी, दिसणारी गंमत बसवावी लागते. आणि नटांना सांगून ठेवा की डेफ प्रेक्षकांचा हशा दोन-तीन सेकंद उशिरा येणार, दचकू नका, पुढचं वाक्य गिळू नका. पात्रांना साइनची नावं आधी ठरवून ठेवा. दरवेळी "के-ए-एम-ए-एल" असं बोटांनी स्पेलिंग करत बसलं तर संवाद पुढे निघून जातो. कमळाबाईच्या कपाळावर मोठं कुंकू असेल तर तेच तिचं नाव. खऱ्या आयुष्यातही साइननेम अशीच पडतात, आणि ती डेफ लोकांनी द्यायची असतात, स्वतःची स्वतः घ्यायची नसतात. माझं आहे गालावरची खळी, ती आता वजनाबरोबर गेली, नाव राहिलं.

गाण्यांचं एक बोलते. सोशल मीडियावर गाण्यांवर साइन करणाऱ्या हिअरिंग पोरींचे व्हिडिओ खूप चालतात, गोड दिसतात, पण आईला दाखवले की ती विचारते "ही काय सांगतेय?" साइनमधल्या कवितेत यमक कानाचं नसतं, हाताच्या आकाराचं असतं, एकच आकार वेगवेगळ्या साइनमधून फिरत राहतो, तो बघायचा आनंद असतो. गाण्याचा कार्यक्रम असेल तर डेफ लोकांना ढोल, पखवाज, बेस जवळून जाणवू दे. लाकडी फ्लोअर असेल तर उत्तम, नाहीतर हातात फुगा द्या, फुग्यातून थरथर छान कळते. ढोल-ताशा पथकाच्या बाजूला माझे बाबा सगळ्यात खूश असतात, ते म्हणतात हा एकच कार्यक्रम आहे ज्याला मला इंटरप्रिटर लागत नाही.

कॅप्शनबद्दल. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांवर लोक नोंदले गेलेत, ते सगळे साइन करत नाहीत. उतारवयात ऐकू यायचं कमी झालेले आजोबा, मशीन लावणारे लोक, त्यांना मराठी अक्षरंच हवीत. नाटकाची संहिता आहेच तुमच्याकडे, एक पोरगं लॅपटॉप घेऊन बसवा, ओळी एक-एक पुढे सरकवत, प्रोजेक्टरवर मोठ्या अक्षरात. इंटरप्रिटरच्या बदल्यात कॅप्शन नाही आणि कॅप्शनच्या बदल्यात इंटरप्रिटर नाही.

प्रत्यक्ष दिवशी दारावर जे कार्यकर्ते उभे असतात त्यांना दहा मिनिटं शिकवा, तेही सल्लागाराकडून. नमस्ते, या, इथे बसा, पाणी, टॉयलेट तिकडे, एवढं पुरे. मागून हाक मारून उपयोग नाही, खांद्यावर हलकं टॅप करा किंवा समोर येऊन हात हलवा. दोन डेफ लोक बोलत असतील आणि मधून जायचं असेल तर सरळ जा, वाकून "सॉरी सॉरी" करत मध्येच थांबू नका, त्यानेच जास्त अडतं. आणि आग-बिग लागली, मांडव रिकामा करायचा झाला तर माइकवरच्या सूचनेवर विसंबू नका, डेफ ब्लॉकपाशी एक कार्यकर्ता नेमून ठेवा.

प्रश्नोत्तरं असतील तर वक्त्याला सांगा की डेफ माणसाकडे बघून उत्तर द्यायचं, माझ्याकडे बघून "त्यांना सांगा की..." असं नाही. मी त्यांचा आवाज असते तेव्हा "मी" म्हणूनच बोलते. बाबांनी एकदा प्रश्न विचारला आणि मी माइकवर म्हटलं, "मी रेल्वेतून रिटायर झालो, मला दोन नातवंडं आहेत", अख्खा हॉल हसला. हसू दे. प्रश्नासाठी जरा थांबा मात्र, शेवटचा शब्द साइन होऊन पोचेपर्यंत हिअरिंग लोकांचे चार हात वर गेलेले असतात आणि सूत्रसंचालक म्हणतो वेळ संपली. टाळ्या वाजवण्याऐवजी दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे, सुरुवातीलाच सगळ्या हॉलला शिकवून टाका, लहान मुलांना तर फार आवडतं.

चहा-वड्याला उंच टेबलं लावा. एका हातात बशी, एका हातात वडा, मग माणूस बोलणार कशाने? हे मला आजवर एकाही आयोजकाने स्वतःहून विचारलेलं नाही.

एक वर्ष हे जमलं की पुढच्या वर्षी डेफ कलाकाराला दहा मिनिटं स्टेज द्या. सत्काराची नव्हे, कलेची. व्हिज्युअल व्हर्नॅक्युलर नावाचा एक प्रकार आहे, अमेरिकेतले डेफ नट बर्नार्ड ब्रॅग, जे मार्सेल मार्सोंकडे माइम शिकले होते, त्यांनी त्याला नाव दिलं. त्यात एकच माणूस अख्खा सिनेमा दाखवतो, लाँग शॉट, क्लोजअप, कट, घोडा पण तोच, स्वार पण तोच, आणि बाणपण. त्याला इंटरप्रिटर लागत नाही, लागलाच तर हिअरिंग लोकांसाठी लागतो, आणि मग मी खुर्चीत बसून मजा बघते. प्रत्यक्ष कसं जुळवतात ते बघायचं असेल तर गोव्याला पर्पल फेस्टला, अपंगांच्या महोत्सवाला, जाऊन या, २०२३ च्या जानेवारीत पणजीला पहिला झाला, तिथे एकाच आवारात साइन, कॅप्शन, व्हीलचेअर सगळं चालू असतं, चार कार्यकर्ते पाठवा, डोळ्यांनी बघून आले की माझं अर्धं बोलणं वाचेल.

आणि कार्यक्रम संपल्यावर बाहेरचे दिवे लगेच घालवू नका. हिअरिंग माणसं अंधारातही बोलत बोलत रिक्षा पकडतात, डेफ लोकांना उजेड लागतो. इतक्या दिवसांनी भेटलेली माणसं असतात, कोणी बदलापूरहून आलेलं, कोणी पनवेलहून, नाटक कसं होतं हे तेव्हा बोलायचं असतं. वॉचमनला आधीच शंभर रुपये आणि एक वडापाव देऊन ठेवा, सांगा तासभर ट्यूबलाइट राहू दे. मागच्या डिसेंबरला आम्ही साडेअकरापर्यंत उभे होतो, आई मला सांगत होती की नायिकेचं काम बरं झालं पण सासूने जास्तच भाव खाल्ला, आणि तो वॉचमन खुर्ची घेऊन आमच्याकडे तोंड करून बसला होता, शेवटी त्याने मला विचारलं, मघापासून सगळे एवढं हसतायत ते नेमकं कशावर, मलापण सांगा की.